आवाज नसलेले व्हिडिओ

४ फेब्रुवारी

बारके,

आशीर्वाद वगैरे नंतर बघू. फोन मी मुद्दाम करत नाही. फोनवर तू रडायला लागतेस, मग मी तुझी समजूत काढत बसते आणि मूळ मुद्दा तसाच राहतो. कागदावर तेवढी सोय आहे.

मुद्दा असा की काल माझे शिवणाचे दोन व्हिडिओ चॅनलवाल्या कंपनीनं काढून टाकले. एक बाहीसाठी मुंढा कापायचा, एक ती बाही जोडायचा. बाहीचा व्हिडिओ माझ्या चॅनलवर लोक सगळ्यात जास्त बघायचे, कारण बाही भल्याभल्यांना जमत नाही, कुठेतरी झोळ येतोच. नोटिशीत लिहिलंय, या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत वापरलं आहे. खाली मालकाचं नाव. तुझं. पूर्ण, लग्नानंतरच्या आडनावासकट.

संगीत म्हणजे काय, तर बाबांचा माउथ ऑर्गन. शिवताना मी मागे हळू आवाजात त्यांची कॅसेट लावते. कारखान्यातून आले की पायरीवर बसून वाजवायचे तेच, स्वतःच्या मनाचं, कुठल्या सिनेमातलं नाही. ते चालू असलं की माझी टीप सरळ पडते. बापानं वाजवलेलं मुलीनं लावलं तर ती चोर ठरते, हे मला या वयात कळलं.

कॅसेटी तू घेऊन गेलीस तेव्हा मी काही बोलले नाही. माझ्याकडे एकच उरली, तीही घासलेली. शेवटी शेवटी बाबांना भरवलं मी, पुसलं मी, कूस बदलून दिली मी, आणि कॅसेटवर त्यांच्या आवाजात काय आहे, तर ‘हे माझ्या बारकीसाठी’. तेही ऐकून घेतलं. मग तू ते सगळं त्या गाण्यांच्या कंपनीला दिलंस, जगाला ऐकू दे म्हणून. मला विचारलं नाहीस, सांगितलंस. परक्या देशात परक्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालायला तुला जाता येतं, घरच्या म्हाताऱ्यासाठी रजा मिळत नव्हती, तेव्हासुद्धा मी गप्प होते. आता मात्र गप्प बसणार नाही.

तक्रार मागे घे. का केलीस ते विचारत नाही. मागे घे, एवढंच.

ताई


२६ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, आणि सगळीकडे एकच: ‘ताई, मी काही केलं नाही, मशीन करतं.’

म्हणजे तू बाबांचे सूर त्या कंपनीला दिलेस, मग कंपनीचं मशीन आपण होऊन जगभर हिंडलं, त्याला माझा कोपऱ्यातला शिवणाचा वर्ग सापडला आणि त्यानं तुझ्या नावानं तक्रार ठोकली. तुला पत्ताच नाही. शाळेत बरणी फुटली की तू असंच म्हणायचीस, आपोआप पडली. आईला ते पटायचं.

मी तुला एक विचारते. मागच्या आठवड्यात माझा तिसरा व्हिडिओ गेला. काज करायचा. त्यात बाबांची कॅसेट नाहीच. त्या दिवशी कॅसेट अडकली होती. व्हिडिओभर फक्त माझं शिवणयंत्र घरघरतंय. तरी तुझ्याच नावानं, तेच संगीत चोरलं म्हणून नोटीस. मशीन असतं तर त्याला शिवणयंत्र आणि माउथ ऑर्गन यातला फरक कळला असता. डूख धरलेल्या माणसाला तेवढं बघायची गरज वाटत नाही.

तिसऱ्या तक्रारीला अख्खा चॅनल बंद होतो. झाला. नवा काढून बघितला, दुसऱ्या दिवशी तोही बंद, आमच्याकडे तुम्हाला परवानगी नाही म्हणे. एका बाईनं माझं बघून कोटाचं कापड अर्धं कापून ठेवलंय. ती दुकान शोधत दारात आली आणि म्हणाली, बाई, तुम्ही आजारी होता का. काय सांगू तिला? माझ्या सख्ख्या बहिणीनं मला चोर ठरवलं, हे सांगू?

तक्रारी मागे घ्या म्हणून गाण्यांच्या कंपनीला तू पाठवलेल्या अर्जाची नक्कल पाठवलीस. अशी नक्कल कोणीही टाइप करू शकतं.

ताई


१९ मार्च

बारके,

तू लिहितेस, माझा चॅनलही बंद झाला, बघ ताई, हे मशीन कोणालाच सोडत नाही.

तुझा मशीननं नाही, मी बंद केला.

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. नाव, पत्ता, कोणता व्हिडिओ, त्यात तुमचं काय चोरलं, आणि शेवटी एक चौकोन: वरील माहिती खरी आहे. चौकोनात बरोबरची खूण केली. तुझ्या व्हिडिओंत तर आवाजच नाही. तू पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहून हातांनी बोलतेस, गॅसवरचं दूध उतू गेलं, खिडकीत मांजर आलं, असलं काहीतरी. मी लिहिलं, यात माझ्या शिवणवर्गाचं संगीत परवानगीशिवाय वापरलं आहे. मला वाटलं, कोणीतरी लावून बघेल, काही ऐकू येत नाही म्हणून मला हसेल. कोणी लावून बघितलं नाही. मान्य. मग दुसरा. मान्य. तिसऱ्याला माझे हात जरा थांबले, खोटं कशाला सांगू. पण तुझे कुठे थांबले होते?

तुझ्या चिमीच्या वसतिगृहात जेवणं झाली की हॉलमधल्या कॉम्प्युटरवर ते लावतात, हे मला माहीत आहे. सगळ्या बहिऱ्या पोरी जमतात आणि चिमी पुढे बसते, आपली आई सगळ्यांना दाखवायला मिळते म्हणून. तूच कौतुकानं सांगितलं होतंस. थोडे दिवस आई दिसली नाही तर काही होत नाही. आपल्यालाही कुठे रोज बाबा दिसतात.

आता कळलं असेल, दार आतून लावून घेतलं की बाहेरच्याला कसं वाटतं.

ताई


२२ एप्रिल

बारके,

तुझी तिन्ही पत्रं वाचली. एक उत्तर पुरे.

पोरीला मध्ये आणू नकोस. लहानपणापासून तुझी ही खोड आहे, भांडण अंगाशी आलं की कोणातरी लहान जिवाला पुढे करायचं. तू लिहितेस, रोज संध्याकाळी चिमी हॉलमध्ये जाऊन काळ्या पडद्यासमोर बसायची. मोठ्या पोरींनी तिला सांगितलं, तुझ्या आईला तू नको झालीस, आमच्या आईनंपण असंच केलं. मग वसतिगृहाच्या बाईंनी तू त्यांच्या फोनवर पाठवलेला एक व्हिडिओ तिला दाखवला, तर तिनं डोळे मिटून घेतले. पुन्हा दाखवला, पुन्हा मिटले. आता कोणी तुझं नाव हातांनी काढलं की ती डोळे मिटते.

तू ते असं लिहिलंयस जसं काही मी तिच्या डोळ्यांत बोटं घातली. सात वर्षांची पोर रुसली, त्यात एवढं काय? आपणही रुसायचो, कानात बोटं घालून बसायचो. तिला कान नाहीत म्हणून ती डोळे मिटते. तुझ्या लाडाचं आहे हे सगळं. रोज एक व्हिडिओ, रोज एक व्हिडिओ. माणसानं पोराला थोडी कळ सोसायला शिकवावं.

आणि मी जाऊन तिला भेटावं म्हणतेस. वसतिगृह माझ्यापासून दोन बसथांब्यांवर आहे हे मला ठाऊक आहे, परत परत लिहू नकोस. जाऊन मी काय करू? मला त्या खुणा येत नाहीत. आणि तू माझी तक्रार मागे घेतल्याशिवाय मी तुझ्यासाठी चपलाही पायात घालणार नाही.

तू म्हणतेस, मागे घ्यायला मी केलेलीच नाही. हे वाक्य लिहायचा तुला कंटाळा कसा येत नाही?

ताई


११ मे

बारके,

कंपनीचं उत्तर आलं. तू केलेल्या अर्जालाच आलंय, नक्कल मला पाठवली त्यांनी. लिहिलंय की माझ्या व्हिडिओंवरच्या तिन्ही तक्रारी त्यांच्या स्वयंचलित यंत्रणेनं केल्या, कोणा व्यक्तीनं नाही. एका व्हिडिओत तर यंत्राच्या आवाजाला वाद्य समजण्याची चूक झाली. गैरसोयीबद्दल दिलगीर. माझा चॅनल परत चालू झाला. बाहीचा व्हिडिओही आहे.

तेव्हा तू केलं नव्हतंस, हे ठीक.

पण तू जरा नीट समजावून सांगितलं असतंस तर मला कळलं असतं. नुसतं मशीन मशीन म्हटल्यावर कोणाला पटेल?

तुझ्यावरच्या माझ्या तक्रारी मीच मागे घेऊ शकते असं दिसतं. घेते. सध्या कामाची फार गर्दी आहे, खोळंबलेल्या बायकांना उत्तरं द्यायची आहेत.

ताई


३ जून

बारके,

बाईंनी तुला फोनवर सांगितलंच असेल. त्यांनी सांगितलं ते त्यांच्या बाजूचं. माझ्या बाजूचं ऐकून घे.

मी आपण होऊन गेले होते. तिकडे अस्तराचं कापड घ्यायचं होतं, म्हणून म्हटलं डोकावून यावं. चिमीसाठी एक फ्रॉक शिवून नेला होता, निळा, पुढे खिसे असलेला. माप अंदाजानं घेतलं तरी बरोबर बसलं असतं.

बाईंनी मला भेटीच्या खोलीत बसवलं. तिथे एक टेबल, दोन बाकं आणि भिंतीवर पोरींच्या हातांचे रंगीत ठसे आहेत. चिमीला आणून बसवलं आणि त्या चहा सांगायला गेल्या. पोर वाळली आहे, तुझ्यापासून लपवत नाही. गालाची हाडं दिसतात. पण तिनं मला ओळखलं. मागे तू आपल्या दोघींचा फोटो तिच्याजवळ देऊन ठेवलायस म्हणे, त्यावरून. ती डोळे मिटते असं तू लिहिलं होतंस, पण माझ्याकडे ती टक लावून बघत होती. फ्रॉक दिला तर हातही लावला नाही. मग तिनं मला काहीतरी विचारलं. आधी हनुवटीला बोट लावलं, ती तुझी खूण, तुझ्या व्हिडिओंत बघितलेली, एवढं मला कळलं. मग दोन्ही हात पुढे धरून सावकाश उलटे केले. आणि भुवया वर करून थांबली.

मला वाटलं, विचारतेय, आईनं पाठवलं का तुला? दुसरं काय विचारणार? मी हसले आणि मान डोलावली. हो, म्हटलं. तिला ऐकू येत नाही तरी म्हटलं. तिनं तेच पुन्हा विचारलं, हात उलटे केले. मी पुन्हा मान डोलावली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिनंही मान डोलावली. फ्रॉक घेतला, छान घडी घातली आणि मांडीवर ठेवला. मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, बारकी उगाच रडत होती.

बाई दारात उभ्या होत्या. हातात ट्रे तसाच.

“तुम्ही काय सांगितलंत तिला?”

“काही नाही. तिनं विचारलं आईनं पाठवलं का, मी हो म्हटलं.”

“तिनं विचारलं, आई मेली का.”

ट्रे त्यांनी टेबलावर ठेवला नाही, जमिनीवरच ठेवला आणि पोरीसमोर गुडघ्यांवर बसल्या. भराभर हात चालवले. नाही, आई आहे, आई जिवंत आहे. मीही मान हलवत राहिले, नाही, नाही. चिमी आळीपाळीनं आमच्या दोघींकडे बघत होती. मग तिनं बाईंना जे सांगितलं ते बाईंनी मला तोंडानं सांगितलं. म्हणाली, मावशीनं आधी खरं सांगितलं. आता तुम्ही सांगता म्हणून ती बदलते. मावशी आईची बहीण आहे, ती खोटं का सांगेल?

बाईंनी तुला तिथूनच व्हिडिओ फोन लावला. तू दिसलीस, पण तू दोन्ही हात तोंडावर दाबून रडत होतीस, हातांनी एक शब्द बोलली नाहीस. चिमी बाईंना म्हणाली, हा जुना आहे.

आता जे लिहिते ते बाईंनी तुला सांगितलं नसेल. त्या दिवशी चिमी पोटभर जेवली. कितीतरी दिवसांनी. मोठ्या पोरींना तिनं सांगितलं, माझ्या आईनं मला टाकलं नाही, ती मेली. आता ती डोळे मिटत नाही. बाई नंतर फोनवर म्हणाल्या, पोर हलकी झाली. त्या दिवशी मी परत येताना बसमध्ये उभीच राहिले, जागा रिकामी होती तरी.

घरी येऊन तक्रारी मागे घेतल्या. आधीच घ्यायला हव्या होत्या. कामाची गर्दी वगैरे काही नव्हती. खोट्या तक्रारी केल्या म्हणून माझाच चॅनल पुन्हा बंद करतील, याची भीती होती. तसं काही झालं नाही. त्यांनी फक्त ‘धन्यवाद’ असं लिहून पाठवलं. तुझे व्हिडिओ आता दिसतात. हॉलमध्ये परत लावतात. चिमी पुढे बसून शांतपणे बघते, जसं आपण गेलेल्या माणसाचे फोटो बघतो.

बाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीला यावंच लागेल. हात लावून पाहिल्याशिवाय पोर मानणार नाही. तेव्हा ये. नोकरी गेली तर जाऊ दे. तिकीट मी काढायला तयार आहे, पण तू घेणार नाहीस. आलीस की सरळ तिच्याकडे जा, माझ्याकडे उतरू नकोस. मी तसं म्हटलं म्हणून राग धरू नकोस, तुझंच अवघडलेपण वाचावं म्हणून लिहिलं.

ताई


३० ऑगस्ट

बारके,

हे जुन्याच पत्त्यावर टाकतेय. तिथल्या कोणी तुला पुढे पाठवलं तर मिळेल. नवा पत्ता बाईंकडे मागितला, त्यांनी दिला नाही. तू देऊ नका म्हणालीस, असं त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तू आलीस तेव्हाचं मला त्यांच्याकडूनच कळलं. चिमी तुला बघून बाईंच्या मागे लपली, किंचाळत होती. तू जमिनीवर बसून राहिलीस, हातही हलवले नाहीस. जेवणाची वेळ होऊन गेली. मग ती डोळे गच्च मिटून पुढे आली आणि चाचपडत तुझा कान, तुझे केस, तुझं नाक बघितलं. आणि मग डोळे उघडून तिनं तुला मारलं. दोन्ही मुठींनी, दमेपर्यंत. बाई सोडवायला गेल्या तर तू त्यांना थांबवलंस. नंतर तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं तेही बाईंनी सांगितलं. मावशी खोटारडी आहे.

मी खोटं बोलले नव्हते. मला कळलं नव्हतं, एवढंच. पण हे तिला कोण सांगणार? मला येत नाही आणि तू सांगणार नाहीस.

तुम्ही निघालात त्या दिवशी मी तुम्हाला बघितलं. बस माझ्याच दुकानासमोरून सुटते, तुझा इलाज नव्हता. तू पाठ करून उभी होतीस, चिमी ट्रंकेवर. तिच्या अंगात दुसराच कुठला तरी फ्रॉक होता. तुमचे दोघींचे हात चालले होते, ती मध्येच हसली, तूही हसलीस. मी दुकानाच्या काचेमागे कात्री हातात घेऊन उभी. काय बोलत होता ते काही कळलं नाही. माझं नाव निघालं का, तेही कळलं नाही. माझी खूण काय आहे ते तरी मला कुठे माहीत आहे.

तेव्हापासून मी तुझे व्हिडिओ लावते. पहिल्यापासून, क्रमानं. दूध, मांजर, झोप, उद्या. दुकानात कोणी नसलं की हात हलवून बघते. बोटं जाड आहेत माझी, पण सुईला चालतात तर यालाही चालतील. ‘कळलं नाही’ हे कसं म्हणायचं, ते शोधत होते.

काल उघडायला गेले तर एकही नाही. काळी चौकट आणि त्यात एक ओळ, मालकाने काढून टाकला आहे. सगळ्यांवर तेच. बाबांचे सूर होते तिथेही तेच.

हे तू केलेलं नसणार. तुझा तो स्वभाव नाही, लहानपणापासून बघतेय मी. मी कंपनीला अर्ज लिहून ठेवलाय, फक्त तुझी सही हवी. मशीनचीच काहीतरी चूक झाली असेल. होतं असं, तूच मला लिहिलं होतंस.

ताई